पहिल्या रविवारी बाहेर बसणारे

दिनांक १८ फेब्रुवारी १९९६, रविवार. रुपये तीन हजार चारशे, रोख. ही रक्कम मी दौंडला थोरल्या भावाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्याच्या हातात दिली. हजर होते भाऊ, वहिनी, माझी बायको आणि एक गवंडी. गवंड्याला मुद्दाम बोलावलं होतं, कारण पैसे आईच्या कबरीसाठी होते. विटांचा चौथरा, वर शहाबादी फरशी, डोक्याशी सिमेंटचा क्रूस आणि त्यावर आईचं नाव, असं काम ठरलं. गवंडी चार हजार म्हणत होता, मी त्याला खाली आणलं. वर्षाच्या प्रार्थनेआधी काम पुरं करायचं, हेही सगळ्यांसमोर ठरलं.

आई त्याआधीच्या नोव्हेंबरात गेली होती. शेवटचे सहा महिने ती भावाकडे होती, कारण दौंडला रेल्वेचा दवाखाना जवळ. मी शिरूरला राहत होतो आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये हिशोब बघत होतो. महिन्यातून दोनदा एसटीने आईला भेटायला जायचो, फळं घेऊन जायचो, संध्याकाळच्या गाडीने परत यायचो.

वर्षाची प्रार्थना २४ नोव्हेंबरला झाली. आधी सगळे मिळून कबरस्तानात गेलो. तिथे मातीचा उंचवटा होता तसाच होता. कडेने विटा उभ्या लावून त्यांना चुना फासला होता, आणि दफनाच्या दिवशी ठोकलेला लाकडी क्रूस थोडा कलला होता. चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. माझं लक्ष प्रार्थनेत नव्हतं. मी विटा मोजत होतो.

क्वार्टरवर परत आल्यावर चहा झाला. खोलीत पंधरा-वीस माणसं असतील. मी भावाला विचारलं, "दादा, गवंडी आला नव्हता का?"

"आला होता."

"मग?"

"मग काय. द्यायला पैसे नव्हते."

"मी दिलेले होते ना?"

वहिनी कपबश्या गोळा करत होती, ती म्हणाली, "भाऊजी, ते दुकानदाराला गेले. आईंच्या आजारपणातली उधारी होती. दूध, मोसंबी, बाहेरची औषधं. तो रोज दारात येत होता."

मी म्हणालो, "ते पैसे कबरीचे होते. एका कामाचे दुसऱ्या कामाला लावायचे तर विचारायला हवं होतं."

भाऊ भिंतीला टेकून बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "दगडाचे पैसे बरे मोजून आणलेस. दुधाचं कधी विचारलंस?"

"सांगितलं असतंस तर दिले असते."

"सांगायला कशाला पाहिजे? तुझी आई न्हवती का ती?"

मी उठलो. बायकोने अर्धा चहा तसाच ठेवला. त्या दिवसापासून आम्हा दोघा भावांचं बोलणं थांबलं. कबरीसाठी दिलेले पैसे कबरीलाच लागायला हवे होते, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. पण मला दुधाचं सुचलं नव्हतं, हेही तितकंच खरं आहे. एक खरं असल्याने दुसरं खोटं होत नाही, आणि या दोन गोष्टींची वजाबाकी मला कधी करता आली नाही.

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. शिरूरच्या आमच्या चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षांचा रस घ्यायचा. ज्याचं कुणाशी वैर आहे त्याने आधी ते मिटवावं, मगच भाकर घ्यावी, असं सगळीकडेच सांगतात. बाकी ठिकाणी ते नुसतं सांगतात आणि ताट फिरलं की सगळे घेतात. आमच्याकडे मात्र ते पाळतात. उपदेश संपला, गीत सुरू झालं की भांडणवाले आपापल्या बाकावरून उठतात, चपला घालून बाहेर जातात आणि आवारातल्या कडुलिंबाच्या पारावर बसतात. शेवटचं गीत ऐकू आलं की परत आत. कोण उठलं आणि कोण बसून राहिलं, यावरून मंडळीतली निम्मी बातमी कळायची. कधी भांडणाच्या दोन्ही बाजू बाहेर यायच्या आणि खोडाच्या दोन अंगांना, एकमेकांकडे पाठ करून बसायच्या.

डिसेंबर ९६ च्या पहिल्या रविवारी मी उठलो. बायको आतच राहिली. तिचं म्हणणं, तिचं वहिनीशी काही भांडण नाही. प्रभुभोजनाचा रस आमच्याच घरी व्हायचा. काळे मनुके शनिवारी भिजत घालायचे, सकाळी कुस्करून उकळायचे, फडक्यातून गाळायचे. पावाच्या कडा काढून त्याचे बारीक तुकडे करायचे. हे ती लग्नापासून करत आली होती. आता ती ते करायची, मी ते डबे सायकलवरून चर्चमध्ये न्यायचो, टेबलावर ठेवायचो आणि वेळ आली की बाहेर जायचो.

पारावर कायमची बसणारी एक म्हातारी होती. सगळे तिला मावशी म्हणत. सुनेशी भांडण होऊन तिला अकरा वर्षं झाली होती. सून आत बसून भाकर घ्यायची, मावशी बाहेर. पहिल्या दिवशी तिने मला सरकून जागा दिली.

"कुणासंगं?"

"थोरल्या भावासंगं."

"जमिनीवरनं?"

"नाही. आईच्या कबरीवरून."

"अगं बया. कबरीत बी हिस्सा असतो व्हय?"

मला हसू आलं नाही. तिला आलं. नंतर ती म्हणाली, "बसा आता. पहिल्यांदा लाज वाटती, मंग सावली बरी वाटाया लागती."

मी मंडळीचा खजिनदार होतो आणि त्या कामावर राहिलो. दानपेटीचा हिशोब ठेवायला भांडण आड येत नाही, असं पंचांचं मत पडलं. दुसरं कुणी ते काम घ्यायला तयार नव्हतं, हेही होतं.

साधारण ९९ साली कारेगावात प्रार्थना सुरू झाली. तिथे कारखान्यात काम करणारी पोरं चाळीतल्या खोल्यांत चौघं-पाचजणं मिळून राहायची. जालना-बीडकडची होती, काही नगरची, दोन-तीन झारखंडची, हिंदी बोलणारी. त्यांतले सात-आठ ख्रिस्ती निघाले. त्यांना शिरूरला यायला जमायचं नाही, रविवारीही शिफ्ट असायची. माझं जाणं-येणं त्याच रस्त्याने. पाळकसाहेब म्हणाले, बुधवारी कामावरून सुटल्यावर तासभर बसा त्यांच्यात, एक उतारा वाचा, प्रार्थना करा. पाळकसाहेबांकडे शिरूर, दौंड आणि आणखी एक गाव अशा तीन मंडळ्या होत्या, त्यांना ते शक्य नव्हतं.

मी गेलो. पहिले काही बुधवार मी जसं स्टोअरमध्ये माल उतरवून घेतात तसं वाचलं, ओळीमागून ओळ. मग एका बुधवारी एक पोरगा आला. त्याचा हात प्रेस मशीनमध्ये सापडून दोन बोटं गेली होती, हाताला पांढरी पट्टी होती. घरी कळवलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "नहीं सर. माँ रोएगी." मी त्या दिवशीचा उतारा वाचला आणि मग दोन शब्द बोललो. काय बोललो ते आठवत नाही. बोलताना मात्र असं वाटलं की हे शब्द माझे नाहीत, माझ्यातून जात आहेत, आणि मी आड आलो नाही तर ते त्याच्यापर्यंत पोहोचतील. पोरगा खाली मान घालून रडला. मग जेवला. चार-पाच दिवसांनी त्याने आईला फोन केला, असं त्याच्या खोलीतल्यांनी सांगितलं.

हे मी घरी बायकोलाही सांगितलं नाही. सांगितलं तर कमी होईल असं वाटलं. पण त्यानंतर मला बुधवारची वाट बघायची सवय लागली. आई लहानपणी म्हणायची की धाकटा देवाच्या कामाचा आहे. मी ते आईच्या बोलण्यातलं एक म्हणून सोडून दिलं होतं. आता वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मला ते काम हवं होतं. किती हवं होतं ते लिहायला मला अजून संकोच वाटतो.

२००१ च्या जानेवारीत पाळकसाहेब घरी आले. चहा झाल्यावर म्हणाले, "तुम्हाला सेवक करायचं मंडळीने ठरवलंय. बिनपगारी. ईस्टरनंतर दुसऱ्या रविवारी डोक्यावर हात ठेवून नेमू. मग मी नसेन तेव्हा शिरूरचं आणि कारेगावचं प्रभुभोजन तुम्ही द्यायचं."

मी म्हणालो, "साहेब, मी पात्र नाही."

"पात्र कोणीच नसतं. मागच्या महिन्यात कारेगावात तुम्हीच हे सांगितलंत म्हणे. पोरं सांगत होती."

"ते सगळ्यांच्या अपात्रतेचं बोललो. माझं वेगळं आहे. मी पहिल्या रविवारी बाहेर बसतो. चार वर्षं मीच ते घेतलं नाही, ते दुसऱ्याला कसं देऊ?"

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "मग भांडण मिटवा. अजून तीन महिने आहेत."

त्यांनी ते इतक्या सहज सांगितलं, जसं टेबल रंगवून घ्या म्हणावं.

फेब्रुवारीत मी दौंडला गेलो. भाऊ दारात स्टुलावर उभा राहून कूलर बसवत होता. मला बघून उतरला नाही. वहिनीने पाणी दिलं. मी उभ्यानेच म्हणालो, "दादा, झालं गेलं संपवू. मला माफ कर."

त्याने कूलरचा स्क्रू ओठांत धरला होता, तो काढला. "माफी मागायला आलाय की पावती घ्यायला?"

"म्हणजे?"

"मंजी आम्हाला बी कळतं शिरूरचं. तुला सेवक करणार हायेत. माझ्यासंगं बोलल्याशिवाय करत न्हाईत. म्हणून चार वर्षांनी आईच्या घराचं दार दिसलं."

हे खोटं नव्हतं. ते तेवढंच नव्हतं, पण खोटंही नव्हतं. सेवक व्हायचं नसतं तर मी त्या दिवशी गेलो असतो का? मी एसटीत बसून शिरूरपर्यंत याचा विचार केला आणि उत्तर नाही असं आलं. म्हणजे माझी माफी खरी नव्हती का? की कामासाठी मागितलेली माफीही माफीच असते? न्हावऱ्याला गाडी थांबली, लोक चढले-उतरले, मला काहीच ठरवता आलं नाही.

मार्चमध्ये पुन्हा गेलो, या वेळी बायकोला घेऊन. मी मनाशी ठरवलं होतं की त्याचं जे म्हणणं आहे तेच आधी पुरं करायचं. वहिनीला विचारलं, "आईच्या आजारपणात सगळा मिळून किती खर्च झाला? अंदाजाने सांगा. निम्मा मी देतो. सेवेचं राहू दे, हे आधी व्हायला हवं होतं."

वहिनी भावाकडे बघायला लागली. भाऊ दाढी करत होता, आरशात बघूनच बोलला.

"दूध लिही. मोसंबी लिही. रिक्षा लिही. आईचं थुंकीचं भांडं मी सहा महिने धुतलं, त्याचा काय रेट लावतोस?"

बायकोने माझा हात दाबला, बोलू नका म्हणून. मी बोललो. "दादा, मला दुसरं काही करता येत नाही. मला जे येतं त्यातून मी सांगतोय की माझं चुकलं. मला माफ कर."

त्याने वस्तरा पाण्यात बुडवला, झटकला. "केलं. जा. हो आता पाळक."

झालं ते एवढंच. त्याने माझ्याकडे तोंड वळवलं नाही. आरशात त्याचा निम्मा गाल साबणाचा दिसत होता. वहिनीने चहाचं विचारलं, बायको हो म्हणाली, आम्ही चहा घेतला, भाऊ अंघोळीला गेला तो आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही.

परतताना स्टँडवर बायको म्हणाली, "चला, एक काम झालं."

"काय झालं?"

"अहो, म्हणाले ना ते, केलं म्हणून."

"तसं म्हणणं म्हणजे करणं नाही."

"मग कसं म्हणायला पाहिजे होतं? गळ्यात पडून? तुमच्या भावाला तुम्ही कधी गळ्यात पडलेलं बघितलंय?"

"त्याने मला घालवून द्यायला म्हटलं ते."

"तुम्ही माफी मागायची आणि तुम्हीच ती तपासून घ्यायची. त्यांनी दिली, तुम्ही माल परत पाठवताय. हे स्टोअर नाही."

तिच्या बोलण्यात तथ्य होतं. पण मी स्वतःला ओळखतो. मी ताट हातात घेऊन उभा राहिलो असतो, आणि समोर हात पसरणाऱ्या प्रत्येकाच्या मागे मला तो साबण लावलेला गाल दिसला असता. भाकर देताना मला स्वच्छ असायला हवं होतं. थोडं स्वच्छ, बरंचसं स्वच्छ, असं मला चालत नव्हतं. मी ईस्टरआधीच्या आठवड्यात पाळकसाहेबांकडे गेलो आणि नाही म्हणून सांगितलं.

ते चिडले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. म्हणाले, "भाऊ म्हणाला ना माफ केलं?"

"म्हणाला. पण ते खरं नव्हतं."

"त्याच्या मनातलं तुम्हाला दिसतं, म्हणजे तुम्ही सेवकाच्या पुष्कळ वरचे झालात. मग हे पद तुम्हाला खरंच लहान पडेल."

मी सलाम करून निघालो. त्या वाक्याचा राग मला पुढची दोन वर्षं पुरला.

मंडळीत बोललं गेलं. लई शहाणा, म्हणाले. स्वतः घेईना आणि दुसऱ्यालाही घेऊ देईना, म्हणाले. पाळकसाहेबांना पहिल्या रविवारी दर महिन्याला जमत नव्हतं, त्यामुळे शिरूरला कधी दोन-दोन महिने प्रभुभोजन झालं नाही. बायकोने भिजवलेले मनुके एकदा तसेच राहिले, ते तिने शिऱ्यात घातले. कारेगावला मी बुधवारी जात राहिलो. उतारा वाचायचो. पुन्हा तसं वाटेल म्हणून मी वाट बघायचो आणि ते वाटलं नाही. नाही म्हटल्यावर ते आलंच नाही. ते देवाने काढून घेतलं की मीच दार लावलं, हे मला समजलं नाही, आणि विचारायचं कुणाला? पाळकसाहेबांना मी विचारणार नव्हतो. बोटं गेलेला पोरगा गावी निघून गेला. नवी पोरं आली, ती माझं वाचणं ऐकून घ्यायची आणि घड्याळाकडे बघायची.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता पाळकसाहेबांनी पंचांच्या सभेत सांगितलं की दौंडच्या मंडळीने एक सेवक दिला आहे आणि तो दर पहिल्या रविवारी शिरूरला येईल. नाव सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. तो माझा भाऊ होता.

मला आधी वाटलं, हे मला टोचायला केलंय. मग कळलं की तसं काही नव्हतं. भावाने रेल्वेतून लवकर निवृत्ती घेतली होती. दौंडला तो घरोघर जायचा, आजाऱ्यांजवळ बसायचा, कुणाला दवाखान्यात न्यायचं तर रिक्षा आणायचा. गळा त्याचा पहिल्यापासून चांगला. लोकांनीच त्याचं नाव पुढे केलं. पाळकसाहेबांनी त्याला विचारलं होतं की तुमचं शिरूरला भावाशी भांडण आहे, त्याचं काय? हे मला दौंडच्या एका पंचाने नंतर एसटीत सांगितलं. भावाने उत्तर दिलं होतं, "माझं कुणासंगं भांडण न्हाई. त्याचं आसंल."

एवढ्यावर झालं. एकच भांडण. ते माझ्याकडे होतं म्हणून मी अपात्र, आणि त्याच्याकडे नव्हतं म्हणून तो पात्र. मी दोनदा दौंडला गेलो, खर्चाचा निम्मा हिस्सा काढून द्यायला बसलो, माफी मागितली, ती नीट मिळाली नाही म्हणून हवं असलेलं काम सोडलं. त्याने दाढी करता करता एक शब्द टाकला आणि मोकळा झाला. मोकळा झाला, हेच मला सोसत नव्हतं. तो खोटं बोलला असता तर मी समजू शकलो असतो. पण तो खरंच मोकळा झाला असावा.

६ ऑक्टोबर २००२, पहिला रविवार. भाऊ सकाळच्या एसटीने आला. पांढरा शर्ट, नवी चप्पल. आवारात त्याने सगळ्यांना सलाम केला, मलाही केला, जसा बाकीच्यांना तसा मला. मी डबे टेबलावर ठेवले. त्याचा उपदेश फार काही नव्हता, रुळांवरून गाडी नेणारा आणि सिग्नल देणारा असा एक दाखला त्याने दिला, लोक हसले. पण तो प्रार्थना करायला लागला तेव्हा पुढच्या बाकावरच्या दोन बायकांनी डोळे पुसले. मी मागून बघत होतो. मला कारेगावचा तो बुधवार आठवला. त्याला ते होत होतं. त्याला ते रोज होत असावं.

गीत सुरू झालं. मी उठलो, बाहेर आलो, पारावर बसलो. मावशी होती, दुसऱ्या अंगाला जमिनीच्या वादातले दोघं चुलत भाऊ होते. आत भाकर वाटून झाली असावी, कारण गीताची कडवी संपत आली होती. तेवढ्यात भाऊ ताट घेऊन दारातून बाहेर आला. त्याच्यामागे एक पंच रसाच्या पेल्यांचा ट्रे धरून, गोंधळलेल्या चेहऱ्याने. असं आमच्याकडे कधी झालं नव्हतं.

तो आधी त्या चुलत भावांकडे गेला. ते एकमेकांकडे न बघता उभे राहिले आणि दोघांनी घेतलं. मग मावशीकडे आला. ती म्हणाली, "सेवकबाबा, मला चालत न्हाई. माझं सुनेसंगं हाय."

भाऊ म्हणाला, "मला ठाव हाय मावशी. घ्या. सून आत जेवली, तुम्ही उपाशी का?"

तिने पदराला हात पुसले आणि घेतलं. अकरा वर्षांची सतरा झाली होती. रस हनुवटीवर सांडला, तो तिने बोटाने पुसून तोंडात घातला.

मग तो माझ्यासमोर आला. ताटात तीन-चार तुकडे राहिले होते. आमच्याच घरचे, कडा काढलेले. त्याने नेहमीचे शब्द म्हटले, जे सगळ्यांना म्हणतात तेच. त्याच्या चेहऱ्यावर विजय नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि तिथे मला माझ्याविषयी काहीच दिसलं नाही, ना राग, ना माया. तो फक्त ताट धरून उभा होता, जसा कुणासमोरही उभा राहिला असता.

मी मान हलवली. नाही.

पंचाने घसा खाकरला. भाऊ म्हणाला, "बरं," आणि आत गेला.

मावशी म्हणाली, "भावानं दारापतुर आणली भाकर. घ्यायची व्हती की."

"मला नाही जमलं मावशी."

"तुमचं जमणं कवा व्हायचं? मी आता आत चालले. तुमच्यासंगं बसाया मला कारण ऱ्हायलं न्हाई."

ती उठून आत गेली. शेवटचं गीत तिने आत बसून म्हटलं. पुढच्या महिन्यापासून पारावर कुणीच बसत नव्हतं. लोक म्हणाले, नव्या सेवकाने ती रीत मोडली ते बरं केलं. मीही बाहेर बसणं सोडलं. पहिल्या रविवारी मी डबे पोहोचवून घरी यायचो.

पाळकसाहेबांच्या त्या वाक्याचा विचार मी पुष्कळ केला. त्यांनी म्हटलं होतं की हे पद मला लहान पडेल. मी स्वतःला अपात्र म्हणवत होतो, आणि ते म्हणत होते की मी स्वतःला फार मोठा समजतो. दोन्ही एकाच वेळी खरं असेल, अशी शंका मला येते. पण ती शंका आल्याने मला काही सुटल्यासारखं झालं नाही. मला ते काम हवं होतं. मला ते करता आलं असतं. एका बुधवारी मी ते केलंही होतं. ते मला मिळालं नाही याचं दुःख आहे, आणि भावाला मिळालं याचा राग आहे, आणि तो ते चांगलं करतो हे सगळ्यांत वाईट आहे. माझ्या मनात असं आहे तोवर मी अपात्र आहेच. म्हणजे हिशोब पुन्हा तिथेच येतो.

त्या ६ ऑक्टोबरला उपासना संपल्यावर माणसं पांगली, भाऊ एसटीची वेळ विचारत आवारात उभा होता. सेवकाचं येण्या-जाण्याचं भाडं मंडळीने द्यायचं असं सभेत ठरलं होतं आणि ते देणं खजिनदाराचं काम. मी दानपेटी उघडली, रक्कम काढली आणि बाहेर गेलो. दौंड ते शिरूर एसटी, जाऊन-येऊन, आणि स्टँडवरचा चहा मिळून रुपये पंचाहत्तर, माझ्या थोरल्या भावाला दिले.